वाऱ्याची पिशवी

पनवेल,
९ सप्टेंबर २०२४

भामा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्ता बुधाजीकडून घेतला. भावावर चिडू नकोस, मीच त्याला कंपनीच्या गेटावर गाठलं. तुझी नात आता तुझ्याकडेच राहते आणि टपाल आलं की तीच वाचून दाखवते, हेही त्यानेच सांगितलं. तेव्हा दिपिका, बाळा, आजीला सावकाश वाचून दाखव. मी आशालता, पनवेलची. तू लहान असताना आमच्या दुकानात कापडाच्या ताग्यांवर झोपायचीस.

कामाचंच लिहिते. टाकीवाल्या कंपनीकडून आपल्या पिशव्यांबद्दल तक्रार आली आहे. थोडीशीच आहे. वारा कमी असला की पिशवी नीट फुगत नाही, शेपूट लोंबतं, असं म्हणणं आहे. दिपिका, तुला आठवत नसेल म्हणून सांगते. रसायनांच्या टाक्यांजवळ उंच खांबावर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी नळी लावलेली असते ना, विंडसॉक म्हणतात ती, ती आम्ही शिवायचो. आम्ही तिला पिशवी म्हणायचो. गॅस सुटला तर माणसांनी तिच्याकडे बघायचं, वारा कुठून कुठे चाललाय ते ओळखायचं आणि वाऱ्याच्या उलट दिशेला चालू पडायचं. एवढंच तिचं काम.

तर भामा, मागणं असं, की तू एक दिवस येऊन एक पिशवी कापून द्यावीस. एकच. शिवायचं मी बघते. कापणं मला जमत नाही, हे तुला माहीत आहे. तीन वेळा गच्चीवर करून पाहिलं. पहिली पिशवी गोल गोल फिरत बसली, दुसरी खांबाला गुंडाळली, तिसरीचं तर नावच काढू नकोस.

कात्री तुझीच आण. माझ्या कात्र्या तुला कधी आवडल्या नाहीत.

बाकी ठीक.
आशालता


२३ सप्टेंबर २०२४

भामा,

उत्तर नाही. बरं.

तू गेलीस त्या वेळी कंपनी जशी होती तशी ती आता राहिलेली नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिते. तेव्हा एक साहेब यायचा, चहा प्यायचा, "ताई, सहा पिशव्या द्या" म्हणायचा आणि जायचा. आता साहेब नाही, पोर्टल आहे. पोर्टलचा पासवर्ड दर महिन्याला बदलावा लागतो आणि मागच्या बारा पासवर्डांपैकी कुठला चालत नाही. नातेवाइकांची नावं केव्हाच संपली, आता भाज्या चालू आहेत. या महिन्यात पडवळ आहे.

गेल्या वर्षी सगळ्या पुरवठादारांना सक्तीचं प्रशिक्षण होतं. फोर्कलिफ्ट कशी चालवावी याचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ. अगं, माझ्याकडे स्कूटीसुद्धा नाही! परीक्षा झाली, मी नापास झाले, पुन्हा बसले. मग आपल्या दोन खोल्यांचा आपत्कालीन निर्गमन नकाशा मागितला. मी कागदावर एक चौकोन काढला, त्यात दार काढलं, बाण काढला. तो परत आला. का, तर उत्तर दिशा दाखवलेली नाही.

तक्रार करायची तर तिकीट उघडायचं. तिकिटाला उत्तर येतं ते अशा पत्त्यावरून, जिथे उलट उत्तर देता येत नाही. आपण उत्तर दिलं नाही म्हणून चार दिवसांनी तिकीट बंद होतं. डोक्याला नुसता ताप! माझा आवाज चढला की शेजारचा झेरॉक्सवाला म्हणतो, "आशाताई, पोर्टल का?"

आता मुद्दा. दोन वर्षांपूर्वी कंपनीने फर्मान काढलं, की प्रत्येक वस्तूचं ड्रॉइंग हवं. आपल्या पिशवीचं ड्रॉइंग कुठे होतं? तुझ्या डोळ्यांत. मग त्यांच्या क्वालिटी खात्यातून शार्दूल म्हणून एक मुलगा आला. नवा इंजिनियर, गुणी आहे, आत येताना बूट बाहेर काढतो. तो एक नमुना घेऊन गेला, टेबलावर पसरून कळी न् कळी, म्हणजे कापडाचा एकेक तुकडा, मोजली आणि कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढलं. त्यावर सात सह्या झाल्या. आता सगळ्या पिशव्या त्या ड्रॉइंगबरहुकूमच शिवायच्या. एक दोरा इकडेतिकडे झाला तर माल परत.

आणि ते ड्रॉइंगच वाकडं आहे, भामा. मी शिवते ते तंतोतंत त्याप्रमाणे, आणि म्हणूनच ती लोंबते. मोजताना शार्दूलचं काहीतरी चुकलं असणार.

तुझ्या हातची एक नवी पिशवी मिळाली तर ते ड्रॉइंग बदलता येईल. दुसरा मार्ग नाही. जमेल का ते दोन ओळींत कळव.

आशालता


७ ऑक्टोबर २०२४

भामा,

बुधाजीने तुला सांगितलं असेल. नसेल सांगितलं तर मी सांगते, कारण त्याने ते हसण्यावारी नेलं आणि मला हसू आलं नाही.

तीन तारखेला कंपनीत गॅसगळतीची रंगीत तालीम होती. भोंगा वाजला. नियम असा, की पिशवीकडे बघा आणि वाऱ्याच्या उलट दिशेच्या मैदानात जमा. सकाळी जमिनीकडून मतलई सुटली होती, तिने पिशवी समुद्राकडे वळवली होती. अकराच्या सुमाराला समुद्राकडून खारा वारा सुरू झाला, पण अगदी हलका. तुझी पिशवी असती तर त्या हलक्या वाऱ्यातही उठून वळली असती. माझी तिथेच लोंबत राहिली, सकाळची दिशा दाखवत. बागकामाच्या बाया, सफाईवाल्या, बुधाजी आणि त्याची गँग असे साठ-सत्तर जण त्या पिशवीकडे बघून नेमके टाक्यांच्या खालच्या अंगाला जाऊन उभे राहिले. खरा गॅस असता तर तो थेट त्यांच्यावरच आला असता.

मी बुधाजीला म्हटलं, "अरे, तू मिठागरावर वाढलेला माणूस. वारा तोंडावर लागत असेल की तुझ्या!"

तो म्हणाला, "लागत व्हता ना. पन साहेब बोंबलत व्हता, पिशवीकरं बगा, पिशवीकरं बगा. आमी बगितलं."

मी घरी आले आणि गच्चीवर जाऊन बसले. मला भीती वाटली, भामा. इतकी वर्षं आपण पिशव्या शिवल्या, पण त्यांच्याखाली माणसं उभी असतात हे मी कधी नीट मनात आणलं नव्हतं. तू आणायचीस. "ही पिशवी कोनाच्या डोक्यावर हाय ता बग आदी," असं म्हणायचीस, आणि मी म्हणायचे, "बाई, आधी चलन बनवू दे."

शुक्रवारी बेलापूरला हेड ऑफिसात गेले. समजावून सांगायला बरोबर कापड, कात्री आणि टेप घेतली होती. गेटावर कात्री जप्त! हत्यार म्हणे. टेप ठेवू दिली, नशीब माझं. खरेदी खात्याच्या पद्मजा मॅडम भेटल्या. दीड तास बसवलं, पण भेटल्या, आणि नीट ऐकून घेतलं. मी म्हटलं, "ड्रॉइंग चुकलंय, ते बदला, नाहीतर मी शिवणार नाही."

त्या म्हणाल्या, "आशालताताई, तुम्ही नाही शिवलंत तर दुसरं कोणीतरी शिवेल. याच ड्रॉइंगवरून."

मी काम सोडलं तरी पिशवी वाकडीच शिवली जाणार. अहमदाबादचा माणूस शिवेल, कोइमतूरचा शिवेल, अगदी तंतोतंत वाकडी शिवेल. आणि बुधाजी तिच्याकडेच बघणार.

मॅडमनी एक वाट सांगितली. ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती निघू शकते. त्यासाठी नवा नमुना हवा, आणि चूक मुळात कुठे झाली याचा फॉर्म भरून हवा. दोन्ही एकोणतीस नोव्हेंबरच्या आत. एक डिसेंबरला तीन वर्षांचा करार गोठतो, मग ड्रॉइंगला कोणीच हात लावू शकत नाही. त्यासुद्धा नाहीत. मी विचारलं, "मग तोवर खांबावरच्या पिशव्यांचं काय?" त्यांनी कपाळ चोळलं आणि म्हणाल्या, "मलाही पटतंय हो. पण मला तरी कोण विचारतंय?"

नमुना थोडा जुना होता, हे मागच्या पत्रात लिहायचं राहिलं.

ये ना, भामा. माझ्यासाठी नको. बुधाजीसाठी ये. पाकिटावरही त्याचंच नाव घातलंय.

आशालता


२१ ऑक्टोबर २०२४

भामा,

आज सगळं लिहिणार आहे. दिपिका, बाळा, इथून पुढे मोठ्यांदा वाचायला संकोच वाटला तरी वाच. मधलं गाळू नकोस.

तो फॉर्म आला. मूळ कारण शोधण्याचा फॉर्म. त्याची रीत अशी, की चूक लिहायची आणि पुढे पाच वेळा 'का?' विचारायचं. प्रत्येक उत्तराला पुन्हा 'का?'. मला आधी हसू आलं. म्हटलं, आता हे लोक लहान मुलांसारखे का का करत बसणार. शार्दूल समोर लॅपटॉप घेऊन बसला होता. म्हणाला, "मॅम, सगळे काहीही भरतात. 'प्रशिक्षणाचा अभाव' लिहा आणि सोडून द्या."

मी म्हटलं, "तू चहा पी. मी विचार करते."

पिशवी वाऱ्यात का उठत नाही? कारण तिची वरची बाजू लांब आहे, म्हणून शेपूट खाली पडतं.

वरची बाजू लांब का? कारण ड्रॉइंगमध्येच ती लांब आहे.

ड्रॉइंगमध्ये लांब का? दुसऱ्या पत्रात मी शार्दूलवर ढकललं. तो बिचारा समोर बसून पोहे खात होता. त्याने अगदी बरोबर मोजलं होतं. चुकीची होती ती मी त्याला दिलेली पिशवी. तू कापून ठेवलेल्या कळ्यांचा गठ्ठा आम्ही अडीच वर्षं पुरवला. तो संपला दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, आणि ड्रॉइंगचं फर्मान आलं दसऱ्याला. नमुना द्यायला माझ्याकडे एकही नवी पिशवी नव्हती. म्हणून बुधाजीने खांबावरून उतरवलेली तीन वर्षं वापरलेली पिशवी मी मागून आणली. तुझ्याच हातची. वाऱ्याने ताणलेली, खाऱ्या हवेने वर पांढरी पडलेली. ती मी साबणात भिजवली, धुतली, वरून पातळ कापड घालून मंद इस्त्री फिरवली, प्लॅस्टिकमध्ये घातली आणि नवी म्हणून दिली. शार्दूल म्हणाला होता, "वा मॅम, काय फिनिशिंग आहे!" मी म्हटलं होतं, "आमचं काम असंच असतं."

ताणलेल्या पिशवीचं माप झालं ते ड्रॉइंग. त्यावर सात सह्या आहेत, पण आठवी माझी म्हणायला हवी.

नवी का दिली नाही, हा चौथा प्रश्न. कारण कापणारी सोडून गेली होती.

आणि पाचवा. ती का गेली?

त्या बॉक्सवर माझा हात थांबला. शार्दूलने वर बघितलं. मी त्याला म्हटलं, "तू जरा बाहेर जाऊन ये." तो गेला.

तुला तो ऑडिटचा दिवस आठवत असेल. मला तरी रोज आठवतो. त्यांना भिंतीवर तक्ता हवा होता, कोणाचा हुद्दा काय, शिक्षण काय. 'कटिंग मास्टर' लिहिलं तर आयटीआयचं सर्टिफिकेट जोडा, असं खाली बारीक अक्षरात होतं. तुझं शिक्षण चौथी. मी रात्रभर विचार केला, म्हटलं, एवढ्याशा कागदासाठी ऑर्डर जाईल. सकाळी लिहून टाकलं. 'आशालता, मालक.' 'भामा, मदतनीस.' म्हटलं, भिंतीवरचा कागद तर आहे, ऑडिटर गेला की काढून टाकू. तुला सांगायचं धैर्य झालं नाही. म्हटलं, तू कुठे वाचतेस भिंतीवरचं.

तू वाचलंस. तेही चाललं असतं कदाचित. पण ऑडिटरने तुला विचारलं, "तुम्ही काय करता इथे?" तू तोंड उघडलंस, आणि तुझ्या आधी मीच बोलले. "ती माझ्या मदतीला असते."

भामा, पहिली पिशवी कोणाची? कंपनीचा माणूस फाटकी पिशवी घेऊन माझ्या दुकानात आला आणि मी त्याला म्हटलं होतं, असलं काही आम्ही शिवत नाही, इथे ब्लाउज शिवतात. तू कोपऱ्यात हेमिंग करत बसली होतीस. उठून आलीस, ती पिशवी उलटीसुलटी केलीस आणि म्हणालीस, "आमच्या मिठागरावर काठीला चिंदी बांदायचे वाऱ्यासाठी. ही तीच हाय, जरा नटवलेली." आणि कागद न घेता, खडू न घेता कापलीस. तो धंदा तुझा होता. मी मशीन चालवली, बिलं लिहिली आणि इंग्रजी फॉर्म भरले. मदतनीस मी होते.

त्या दिवशी ऑडिटरसमोरून तू उठलीस. कात्री पुसलीस, फडक्यात गुंडाळलीस आणि निघालीस. मी दारापर्यंतसुद्धा आले नाही, कारण ऑडिटर अजून बसला होता. मला वाटलं, उद्या येईल. मग वाटलं, परवा येईल. मग मलाच राग आला, की एका शब्दासाठी इतकं काय! तो राग मी साडेचार वर्षं नीट सांभाळून ठेवला, कारण तो गेला असता तर खाली काय आहे ते मला माहीत होतं. लाज होती.

शार्दूल परत आला तेव्हा पाचवा बॉक्स भरलेला होता. मी लिहिलं, 'कारण मी तिला सर्वांसमोर मदतनीस म्हटलं. ती मदतनीस नव्हती.'

त्याने वाचलं. लॅपटॉप जवळ ओढला. मग म्हणाला, "मॅम, हे सबमिट करू?"

मी म्हटलं, "कर."

इस्त्री केलेल्या नमुन्याचंही त्यात लिहिलंय, नावानिशी. कंपनीने मला काढून टाकलं तरी चालेल. तुला कळवण्याआधी कंपनीला कळवलं, याचं मात्र वाईट वाटतं. माझं नेहमी असंच होतं बघ, तुझ्याआधी कंपनी.

माफी माग म्हणशील तर मागते. मागतेच. माझं चुकलं, भामा.

आशा


६ नोव्हेंबर २०२४

भामा,

दिवाळी झाली. तुझ्या हातच्या तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या बोरांची आठवण आली. दिपिकाला विचार, तिला जमतात का.

फॉर्म परत आला. कप्पाळ माझं! मला वाटलं, आता काढलंच. तर कारण वेगळंच. पोर्टलला पाचवं उत्तर चालत नाही. मूळ कारण यादीतूनच निवडावं लागतं आणि यादीत चारच गोष्टी आहेत. माणूस, मशीन, माल, पद्धत. शार्दूलने फोन करून विचारलं, "मॅम, काय निवडू?"

मी म्हटलं, "माणूस."

पुढे सुधारणा काय करणार, असा रकाना होता. मी लिहिलं, 'भामाला पत्र लिहीन.' जबाबदार व्यक्ती, आशालता. अंतिम तारीख, एकोणतीस नोव्हेंबर. शार्दूल म्हणाला, "मॅम, पुरावा जोडावा लागतो." तेव्हा टपाल नाक्यावरून केलेल्या स्पीड पोस्टच्या चारही पावत्या त्याला पाठवल्या. त्याने त्या अपलोड केल्या. आता पोर्टलवर पिवळा ठिपका दिसतो आणि शेजारी लिहून येतं, 'काम प्रगतीत.'

वापरलेला नमुना दिल्याबद्दल मला ताकीदपत्र आलं आहे. सात पानी. त्यात शेवटी लिहिलंय, की आमच्यासोबत काम केल्याबद्दल धन्यवाद. ते मी फाइलला लावलं. पद्मजा मॅडमनी मात्र स्वतः फोन केला. म्हणाल्या, "असं उत्तर मी बारा वर्षांत वाचलं नाही. नमुना तेवढा वेळेत द्या, सह्या मी फिरून घेईन." आणि खांबावरच्या सगळ्या पिशव्या उतरवायला लावल्या. नवी येईपर्यंत माणसांनी टाकीवरच्या झेंड्याकडे बघायचं. झेंडा निदान खोटं सांगत नाही.

मी मात्र कापू शकत नाही. परवा चौथी करून पाहिली. बुधाजी गच्चीवर आला, बघितलं, नुसता पाणी प्यायला आणि गेला. त्याचा अर्थ मला कळतो.

भिंतीवरचा तो तक्ता अजून तिथेच आहे. साडेचार वर्षं काढला नाही, कारण कागद काढला की भिंतीवर डाग दिसेल, असं स्वतःला सांगत होते. आज तुझ्या नावापुढचं खोडलं. आता पुढे मोकळी जागा आहे. तिथे काय लिहायचं ते तू सांग. जे सांगशील ते लिहीन, कंपनीला चालो न चालो.

आणि यायचंच नसेल तर तसं कळव. मी तारीख पुढे ढकलणार नाही. जे आहे ते खरं लिहीन, पिवळा ठिपका लाल होईल. तो होऊ दे. पण बुधाजीला मी सांगून ठेवलंय, की वारा तोंडावर लागला तर तोंडाचंच ऐक.

वाट बघते.
आशा


१९ नोव्हेंबर २०२४

आशाआजी,

मी दिपिका. आजी बोलते तसंच लिहायचं, एक अक्षर सुधारायचं नाही, असं तिने बजावलंय. म्हणून तसंच लिहिते.

आशाबाय,

तुजी पत्रं भेटली. पयली दोन मी वाचून घेतली नाय, फलीवर ठेवली. तिसऱ्या पाकिटावर तू बुदाजीचं नाव घातलंस, म्हनून दिपिकाला बोलली, वाच. मंग पयल्यापासून सगली वाचली. चौथं दोनदा वाचलं. पोरगी रडली. मी नाय रडली. मंग रडली.

तुजी पिशवी वाकरी हाय ता मना कवाच ठावं. बंदराच्या रस्त्यानं रिक्षातून दिसते. दीड वरीस बगतंय. तुना सांगाला पायजे होतं. नाय सांगितलं. मदतनीसाला कोन इचारतंय, असं मनात बोलली आनि तोंड फिरवून बसली. बुदाजी त्या पिशवीखाली हुबा होता ता कललं, तवापासून मना झोप नाय. तुजी चूक ती तुजी. ही माजी हाय. ही तुज्या फारमात लिव.

वरची कली अंगठाभर आखूड कापायची असते. नवं कापर वाऱ्यानं तानतं, मंग वरसभरात बरोबर होतं. आखूड असली म्हनून शेपूट हलक्या वाऱ्यात उठतं. तू कवा इचारलं नाय, मी कवा सांगितलं नाय. आता कागदावर काडून ठेवू. मी मेली तरी पिशवी सरल पायजे.

माज्या नावापुढं काय लिवू म्हनून इचारतेस. काय लिवू नको. निसतं नाव लिव. आनि तुज्या नावापुढचं मालक हाय ता पन खोर.

सोमवारी, पंचवीस तारखेला येन. कातर मी आनतंय. बोरं पन आनतंय, दिपिकानं केलीत, जरा करक झालीत.

कापर आदल्या दिवशी भिजवून सावलीत वालत घाल. इस्त्री मारू नको.

भामा